ग्लेझमधलं लोह: लाल, काळं, पिवळं की गेरू? पुडी निवडण्यापासून भट्टी उघडेपर्यंत

लाल ऑक्साइड घातलं, ग्लेझ (मातीच्या भांड्यावरचा काचेचा थर) तपकिरी आलं. मग काळं आणून घातलं, तरी तपकिरीच. बडोद्यात घरी छोटी इलेक्ट्रिक भट्टी ठेवून काम करणाऱ्यांकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते, आणि पुढचं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: दुकानदाराने गंडवलं. कधीकधी खरंच गंडवलेलं असतं, ते कसं ओळखायचं हे खाली येईलच. पण बहुतेक वेळा चूक अपेक्षेत असते. पुडीतल्या पावडरीचा रंग म्हणजे भांड्यावरचा रंग नव्हे. लोह वितळलेल्या काचेत पूर्ण विरघळलं, की ते लाल पुडीतून आलं की काळ्या, याने फारसा फरक पडत नाही. रंग ठरतो तो लोहाच्या प्रमाणावर, बेस ग्लेझवर (लोह घालण्याआधीचं मूळ ग्लेझ), भट्टीतल्या हवेवर आणि भट्टी किती सावकाश थंड झाली त्यावर.

मग वेगवेगळ्या प्रकारांत फरक नाहीच का? आहे, पण भलत्याच ठिकाणी आहे. दर ग्रॅममागे लोह किती, दाणा किती बारीक, सोबत माती-चुना किती, पाण्यात पावडर कशी वागते आणि तापताना काय बाहेर सोडते, या पाच गोष्टी पुडीगणिक बदलतात. ग्लेझ बिघडतं ते यांच्यामुळे. म्हणून खालचा क्रम मोडू नका. विशेषतः टप्पा २ आणि ३ वगळून थेट बादलीत पावडर ओतणाऱ्यांनीच माझा फोन सर्वांत जास्त वाजवला आहे.

## टप्पा १: समोर कोणती पावडर आहे ते ठरवा

लाल आयर्न ऑक्साइड (फेरिक, म्हणजे जास्त ऑक्सिजन जोडलेलं लोह). कारखान्यात बनवलेलं लाल बहुधा ९५ टक्क्यांच्या वर शुद्ध असतं. दाणा अतिशय बारीक, रंग देण्याची ताकद मोठी, आणि एक गोणी दुसरीसारखीच निघते. ग्लेझसाठी एकच पावडर घ्यायची असेल तर ही घ्या. खाणीतून येणारं नैसर्गिक लालही चालतं, पण त्यात माती आणि वाळू असते. तेवढं लोह कमी. लालमध्येच एक नारिंगी झाकेचं आणि एक जांभळट झाकेचं मिळतं. हा फरक मुख्यतः दाण्याच्या आकाराचा आहे: बारीक दाणा नारिंगीकडे, मोठा जांभळ्याकडे. ग्लेझमध्ये विरघळल्यावर दोघांची झाक एकच, म्हणून जास्त पैसे मोजून ‘छान लाल’ दिसणारी पुडी घेण्यात अर्थ नाही.

काळं आयर्न ऑक्साइड. लोहचुंबकाला चिकटतं. वजनामागे लोह लालपेक्षा किंचित जास्त. दाणा बहुधा जाडसर, त्यामुळे नीट दळलं नाही तर ग्लेझमध्ये काळे-तपकिरी ठिपके सोडतं. ठिपके हवे असतील तर तोच गुण. गॅसच्या भट्टीत सेलाडॉन (हिरवट-निळं लोहाचं ग्लेझ) करणारे काही जण काळंच वापरतात, कारण त्यातलं काही लोह आधीच फेरस (कमी ऑक्सिजनच्या) अवस्थेत असतं. भट्टीचं रिडक्शन (आतला ऑक्सिजन कमी करणं) व्यवस्थित असेल तर लालनेही तोच हिरवा-निळा रंग येतो.

पिवळं आयर्न ऑक्साइड. यात लोहाला पाणी जोडलेलं असतं. साधारण २५० ते ३०० अंशांच्या आसपास ते पाणी निघून जातं आणि पावडर लाल होते. भट्टीतून पिवळं काहीही निघत नाही. पावडर हलकी, फुगीर. डबा भरलेला दिसतो आणि वजन कमी भरतं. पाणी भरपूर पिते, म्हणून जास्त प्रमाणात घातली तर वाळताना ग्लेझला भेगा पडतात आणि भट्टीत ते गोळा होऊन बिस्क (ग्लेझ लावण्याआधी एकदा भाजलेलं भांडं) उघडं पडतं.

गेरू, काव, पिवडी. या रंगीत माती आहेत. मांडवीतल्या पूजेच्या दुकानात मिळणारा गेरू ग्लेझमध्ये घालता येतो, आणि पुष्कळदा त्यातली माती ग्लेझ बादलीत तरंगतं ठेवायला मदतच करते. पण त्यात लोह किती हे पुडीवर लिहिलेलं नसतं आणि पुढच्या वेळी तोच गेरू मिळेल याची हमी नाही. गेरू वापरायचाच असेल तर एकदम पाच किलो घ्या, एकत्र कालवा आणि त्या ढिगाचीच चाचणी करा.

अंबर. गडद तपकिरी माती. हिच्यात लोहासोबत मँगनीज असतं. रंग सुंदर, पण मँगनीजची धूळ आणि धूर दोन्ही घातक. लोहासारखीच निरुपद्रवी समजून हाताळू नका.

हिराकस. हे ऑक्साइड नाही, सल्फेट आहे, आणि पाण्यात विरघळतं. बादलीत घातलं की पाण्याबरोबर बिस्कमध्ये शिरतं, वाळताना कडांकडे सरकतं आणि भट्टीत गंधकाचे तिखट वायू सोडतं. नेहमीच्या ग्लेझमध्ये याला जागा नाही.

सावध: रंग-हार्डवेअरच्या दुकानात ‘रेड ऑक्साइड’ मागितलं तर समोर फरशीचा रंग येतो किंवा लोखंडाला लावायचा प्रायमर. प्रायमर तर डब्यातच राहू द्या. फरशीच्या रंगात चॉक किंवा डोलोमाइट मिसळलेलं असू शकतं. काउंटरवर सरळ विचारा: “भाई, आ फ्लोरिंगनो कलर छे के प्योर ऑक्साइड?” आणि उत्तर काहीही आलं तरी टप्पा २ करा.

मकरपुरा जीआयडीसीतल्या लेथवरचा कीस फुकट मिळतो म्हणून आणायचा मोह होतो. त्याला तेल असतं, आणि कोणत्या पोलादाचा आहे हे माहीत नसतं. मिश्रधातूत क्रोमियम किंवा निकेल असलं तर ते जेवणाच्या ताटलीत जायला नको. जुन्या ग्रिलवरून खरवडलेल्या गंजाचंही तेच: सोबत जुना ऑइलपेंट येतो आणि त्यात शिसं असू शकतं.

## टप्पा २: पुडीची परीक्षा

चार साध्या चाचण्या, याच क्रमाने. पहिल्या तीन पाव तासात होतात.

१. लोहचुंबक. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पावडरीजवळ न्या. काळं आयर्न ऑक्साइड टुणकन उडी मारून चिकटतं. काळी पावडर चिकटली नाही तर ती मँगनीज, तांब्याचं काळं ऑक्साइड किंवा नुसती काजळी असू शकते. या तिन्ही दिसायला सारख्याच, म्हणून काळ्या पुडीच्या बाबतीत ही चाचणी चुकवायची नाही. लाल पावडर जवळपास चिकटत नाही. नैसर्गिक लालचे काही कण ओढले गेले तर घाबरू नका.

२. व्हिनेगर. चिमूटभर पावडरीवर थेंबभर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. फेस आला तर चॉक आहे. गेरूत थोडा फेस चालेल. ‘शुद्ध लाल’ म्हणून घेतलेल्या पुडीला फेस आला तर ती परत करा.

३. पाणी. काचेच्या ग्लासात चमचाभर पावडर ढवळून दहा मिनिटं ठेवा. वाळू लगेच तळाला बसते आणि बोटाला खरखरीत लागते. वरचं पाणी अगदी स्वच्छ झाल्यावरही गुलाबी, शेंदरी दिसत असेल तर सेंद्रिय रंगाची भेसळ आहे. रांगोळीच्या काही रंगांत असाच प्रकार असतो. तो रंग भट्टीत जळून जाईल आणि हाती पांढरी पूड उरेल.

४. भाजून वजन. खरी माहिती हीच देते. छोट्या बिस्क वाट्यांचं वजन करून घ्या, प्रत्येकीत बरोबर १० ग्रॅम पूर्ण कोरडी पावडर भरा आणि पुढच्या बिस्क फायरिंगमध्ये, ९५० ते १००० अंशांच्या दरम्यान, ठेवा. निघाल्यावर पुन्हा वजन.

- लाल शुद्ध असेल तर जवळपास १० ग्रॅमच राहील.
- पिवळं ९ ग्रॅमच्या आसपास येईल आणि लाल झालेलं असेल.
- काळं वाढेल! हवेतला ऑक्सिजन घेऊन ते तांबूस-तपकिरी होतं आणि १०.३ ग्रॅमच्या जवळ जातं. जाडसर दाण्याचं आतून काळंच राहिलं तर वाढ कमी दिसेल.
- काजळी असेल तर वाटी जवळजवळ रिकामी.
- मँगनीज डायऑक्साइड असेल तर ९ ग्रॅमच्या आसपास, आणि रंग काळपटच.
- चॉक वजनाच्या ४४ टक्के गमावतो. म्हणजे ‘लाल’ १० ग्रॅमचं ७.८ झालं आणि बाकी घटणारं काही त्यात नसेल, तर निम्मी पुडी चॉक आहे.

तपासणी: बिस्कमधून निघालेली लाल पावडर आधीपेक्षा गडद, जांभळट दिसली तर ते ठीक आहे. उष्णतेने दाणे वाढतात. बिस्कवर ब्रशने नुसतं ऑक्साइड लावलेली नक्षी जांभळट-तपकिरी निघते तीही यामुळेच.

पावसाळ्यात एक जास्तीची काळजी. जुलै-ऑगस्टमध्ये बडोद्याच्या दमट हवेत उघडी पुडी ओल धरते आणि प्रत्येक वजन खोटं ठरतं. वजन करण्याआधी पावडर ताटात पसरून शंभर अंशांच्या वर तासभर वाळवा, गार झाल्यावरच काट्यावर ठेवा.

## टप्पा ३: एक प्रकार काढून दुसरा घालताना वजन बदला

कृतीत ‘लाल ८’ लिहिलंय आणि घरात पिवळं आहे, म्हणून पिवळं ८ घातलं: इथे लोह दहा टक्क्यांनी कमी पडलं. ग्लेझ फिकं आलं की दोष भट्टीला. हिशोब असा:

शुद्ध लाल १० ग्रॅमच्या जागी काळं ९.७ ग्रॅम, किंवा कारखान्यातलं पिवळं ११.१ ग्रॅम.

लाल आणि काळ्यातला फरक तीन टक्क्यांचा, म्हणजे घरच्या काट्यावर जवळपास दुर्लक्ष करण्याजोगा. त्यावर वाद घालू नका. पिवळ्याचा फरक मात्र धरायलाच हवा. पुडी ८५ टक्के शुद्ध असेल तर हव्या त्या लोहाच्या वजनाला ०.८५ ने भागा. गेरूसाठी असा आकडा देता येत नाही. त्याची टप्पा ५ मधली पट्टी (वाढत्या प्रमाणाच्या टाइलची रांग) भाजून, शुद्ध लालच्या पट्टीशेजारी ठेवून, डोळ्यांनी जोड लावावी लागते. शिवाय गेरूतली माती ग्लेझ थोडं घट्ट, उशिरा वितळणारं करते. गेरू भरपूर जाणार असेल तर कृतीतला केओलिन (पांढरी माती) तेवढ्याच प्रमाणात कमी करून पाहा.

सावध: ऑक्साइड चमच्याने मोजू नका. सपाट चमचाभर पिवळं आणि सपाट चमचाभर काळं यांच्या वजनात मोठी तफावत असते. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, चाचण्यांना तोच लागतो.

पिवळं किंवा गेरू मोठ्या प्रमाणात लागणार असेल तर आधी बिस्कमध्ये भाजून ठेवा. पाणी आधीच निघून गेल्याने वाळताना पडणाऱ्या भेगा कमी होतात. भाजलेल्या पिवळ्याचं वजन मग लालच्या हिशोबाने धरायचं.

## टप्पा ४: गुठळ्या मोडणं

हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि निकालातला अर्धा फरक इथेच पडतो. बारीक लाल ऑक्साइड कोरडं असताना त्याचे सूक्ष्म गोळे होतात. बादलीत ओतून काठीने ढवळलं तर गोळे तसेच राहतात, रंग फिका येतो आणि जागोजागी तपकिरी पुळ्या दिसतात. पिठल्यात बेसन कोरडंच भुरभुरवलं तर जे होतं तेच.

क्रम असा ठेवा:

१. ऑक्साइड वेगळ्या वाडग्यात घ्या, त्यावर गरम पाणी ओता, पाणी पावडरीच्या वर बोटभर. रात्रभर राहू द्या.
२. सकाळी चिनी मातीच्या खलात थोडं थोडं घोटा. काळं असेल तर घोटण्याचा वेळ दुप्पट धरा. बॉल मिल असेल तर प्रश्नच मिटला.
३. १०० मेशच्या (इंचाला १०० छिद्रं) चाळणीतून ताठ ब्रशने घासत गाळा. चाळणीवर उरलेलं फेकू नका, पुन्हा घोटा. उरलेलं टाकलं की लोहाचं प्रमाण बिघडलं.
४. बाकीचं ग्लेझ दुसऱ्या बादलीत आधीच भिजवून ८० मेशमधून गाळलेलं हवं. आता लोह त्यात ओता.
५. दोन्ही एकत्र करून पुन्हा दोनदा १०० मेशमधून.

ठिपके हवे असतील तर हे सगळं उलट: जाडसर काळं ऑक्साइड शेवटी, गाळण झाल्यावर घाला आणि मग चाळणी लावू नका.

घरच्या मिक्सरमध्ये दळू नका. आयर्न ऑक्साइड स्वतः फार विषारी नाही, पण ग्लेझमधल्या क्वार्ट्झची धूळ फुफ्फुसांना कायमची इजा करते, आणि त्याच भांड्यात उद्या चटणी वाटली जाणार आहे. कोरडं काम करताना एन-९५ मास्क. सांडलेली पावडर झाडूने लोटायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. कामाचा क्रमही ठरवा: आधी पांढरी आणि पारदर्शक ग्लेझं गाळून घ्या, लोहाची शेवटी. लाल ऑक्साइड चाळणीच्या जाळीत बसलं की पुढची दोन पांढरी ग्लेझं गुलाबीसर निघतात. शक्यतो लोहासाठी चाळणी आणि ब्रश वेगळेच ठेवा.

तपासणी: गाळलेलं ग्लेझ काचेवर थेंबभर पसरवा, दुसऱ्या काचेने दाबा आणि उजेडात धरा. लाल रेघा उमटल्या तर गुठळ्या आहेत. पुन्हा गाळा.

### घोळ दह्यासारखा झाला तर

आठ-दहा टक्के बारीक कृत्रिम लाल घातलेलं ग्लेझ दुसऱ्या दिवशी थिजलेलं सापडतं. बोअरच्या जड पाण्याने हे आणखी वाढतं. पटकन पाणी ओतण्याची सवय मोडा. पाण्याने घोळ पातळ होतो खरा, पण थर पातळ बसतो आणि टेनमोकूऐवजी (काळं-तपकिरी चकचकीत लोहाचं ग्लेझ) चिखलासारखा रंग येतो. सोडियम सिलिकेटचा एक थेंब घाला, नीट ढवळा, पाच मिनिटं थांबा, मग दुसरा. जास्त झालं तर ग्लेझ दगडासारखं तळाला बसतं.

उलट त्रासही होतो. लालची घनता पाण्याच्या पाचपटीहून अधिक, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झची सुमारे अडीचपट. बादलीत लोह लवकर खाली बसतं, त्यामुळे पहिला कप फिका आणि शेवटचा गडद निघतो. कच्छचं बेंटोनाइट एक ते दोन टक्के घाला. तेही कोरड्या पावडरींत आधी मिसळूनच, कारण नुसत्या पाण्यात टाकलेल्या बेंटोनाइटचे चिकट गोळे होतात. आणि दर बुडवणीआधी तळापासून ढवळा.

## टप्पा ५: पट्टी लावा, अंदाज नको

एका टाइलवरून निष्कर्ष काढू नका. शून्य ते बारा टक्क्यांची पट्टी दोन भांड्यांतून सहज तयार होते.

१. तुमच्या नेहमीच्या पारदर्शक ग्लेझची कोरडी १०० ग्रॅम पावडर ‘अ’ भांड्यात, तेवढीच ‘ब’ भांड्यात. कोन १० ला (कोन म्हणजे भट्टीच्या उष्णतेचं माप, अंश टप्पा ६ मध्ये) भाजणाऱ्यांकडे स्वतःची कृती नसेल तर फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, चॉक २०, केओलिन १० ही साधी कृती चाचणीला उत्तम.
२. ‘ब’ मध्ये १२ ग्रॅम लोह, टप्पा ४ प्रमाणे घोटून.
३. दोन्ही भांडी पाण्याने बरोबर २०० मिलीपर्यंत भरा. दोन्हींचं आकारमान सारखं असणं हीच यातली किल्ली आहे.
४. सुई नसलेल्या सिरिंजने मोजून मिसळा, प्रत्येक वेळी आधी ढवळून: २ टक्क्यांसाठी ‘अ’ ५० मिली आणि ‘ब’ १०, ४ साठी ४० आणि २०, ६ साठी ३० आणि ३०, ८ साठी २० आणि ४०, १० साठी १० आणि ५०. उरलेलं ‘अ’ शून्य, उरलेलं ‘ब’ बारा.

टाइल सपाट आडवी नको, उभी हवी, खाली पाय असलेली, म्हणजे ग्लेझ वाहतं का ते दिसेल. अर्ध्या भागावर एक थर, वरच्या अर्ध्यावर दोन. एक ओरखडलेली किंवा खोदलेली रेघ असू द्या. लोहाची ग्लेझं धारेवर फुटून तांबूस होतात आणि खाचेत काळी जमतात, ते सपाट टाइलवर कळत नाही. मागे क्रमांक लाल ऑक्साइडनेच लिहा, तो भट्टीत टिकतो. पेनची शाई जळून जाते.

लाल, काळं, पिवळं, गेरू अशा चार पट्ट्या लावल्या तर २८ टाइल होतील. छोट्या भट्टीच्या एका शेल्फवर मावतात. सगळ्या एकाच फायरिंगमध्ये, एकाच उंचीवर ठेवा. वेगवेगळ्या दिवशी भाजलेल्या टाइलची तुलना म्हणजे ऑक्साइडची नव्हे, भट्टीची तुलना.

फतेपुऱ्याच्या कुंभारवाड्यातून आणलेल्या लाल मातीच्या टाइल कोन ६ च्या भट्टीत घालू नका. ती माती कमी तापमानाची असते. वर जाऊन फुगते, वाकते, कधी शेल्फवर वितळून पसरते. आणि त्या मातीतच लोह असल्याने ग्लेझचं लोह किती आणि मातीचं किती हे सांगता येत नाही. चाचणीसाठी पांढरं स्टोनवेअर घ्या. हीच लाल माती दळून ग्लेझचा कच्चा माल म्हणून मात्र जरूर करून पाहा, वाटीत घालून, खाली बिस्कची बशी ठेवून.

## टप्पा ६: भट्टी

इलेक्ट्रिक भट्टीत हवा भरपूर, म्हणून लोह फेरिक राहतं. साधारण अपेक्षा अशी: २ ते ४ टक्क्यांना मधासारखा पिवळा, ५-६ ला तपकिरी, ८ ते १० ला गडद तपकिरी ते काळा. त्याहून वर गेलात की थंड होताना जादा लोह पृष्ठभागावर स्फटिक होऊन बाहेर येतं; तेच तांबूस, गंजासारखे डाग.

गॅसच्या भट्टीत रिडक्शन दिलं की लोह फेरस होतं. एक-दोन टक्क्यांत सेलाडॉन, आठ-दहात टेनमोकू, बाराच्या वर काकी (तांबूस ग्लेझ). शिवाय फेरस लोह जोरदार द्रावक आहे, म्हणजे ग्लेझ लवकर वितळवतं. इलेक्ट्रिकमध्ये जागचं न हललेलं आठ टक्क्यांचं ग्लेझ गॅसमध्ये शेल्फवर उतरतं. इलेक्ट्रिकची कृती गॅसमध्ये नेताना लोहाचं प्रमाण तेच ठेवूनही पहिल्या फायरिंगला बशी हवीच.

सावध: सेलाडॉनच्या हौसेने इलेक्ट्रिक भट्टीत लाकूड किंवा कापूर टाकून रिडक्शन करू नका. कॉइलवरचा संरक्षक थर जातो, आणि बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो.

वरचं तापमान जपा. कोन ६ म्हणजे चढण्याच्या वेगानुसार १२२० ते १२४० अंश, कोन १० म्हणजे १२८५ ते १३०५. साधारण १२३० अंशांच्या पुढे फेरिक ऑक्साइड, भरपूर हवा असली तरी, आपल्यातला काही ऑक्सिजन सोडतं. लोह आठ टक्क्यांच्या वर असेल तर त्याचे बुडबुडे दिसतात. पुडी लाल आहे म्हणून काळं आणून हे पूर्ण टळत नाही, कारण काळं वर चढताना हवेत आधी लाल होतं आणि मग तेच करतं. उपाय भट्टीतच आहे: शेवटचे शंभर अंश सावकाश चढा आणि बुडबुडे दिसत असतील तर शिखरावरून ३० ते ५० अंश खाली येऊन वीस-तीस मिनिटं थांबा, फुटलेले बुडबुडे भरून येतात.

### लालच हवं असेल तर

इलेक्ट्रिकमध्ये टोमॅटोसारखा लाल येतो, पण तो लाल पुडीमुळे नाही. ग्लेझमध्ये बोन अॅशमधून (हाडांची राख) फॉस्फरस लागतो, दहा टक्क्यांहून अधिक लोह लागतं आणि सावकाश थंड होणं लागतं. छोट्या भट्ट्या भरभर थंड होतात, म्हणून मोठ्या भट्टीतलं तांबूस ग्लेझ घरी काळं चकचकीत निघतं. कंट्रोलरवर १००० ते ८०० अंशांदरम्यान उतरण तासाला ५०-६० अंश ठेवून पाहा. कंट्रोलर नसेल तर रिकाम्या जागी जाड शेल्फ, प्रॉप रचून वस्तुमान वाढवा. थोडा फरक पडतो.

## टप्पा ७: निकाल वाचताना

टाइल दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली सगळी तपकिरी सारखीच दिसतात.

चार पट्ट्यांपैकी लालची आणि काळ्याची जवळपास जुळली, तर पुढे जे स्वस्त आणि बारीक मिळेल ते घ्या, विषय संपला. काळ्याच्या पट्टीत ठिपके असतील तर दळण कमी पडलं. पिवळ्याची पट्टी एकसारखी फिकी असेल तर वजन बदललं नव्हतं. गेरूची पट्टी कोरडी, खरखरीत असेल तर माती जास्त. फिकी पण चकचकीत आणि जास्त वाहिलेली असेल तर गेरूत चॉक असण्याची शक्यता.

चॉकचा आणखी एक परिणाम लक्षात असू द्या. ग्लेझमध्ये कॅल्शियम फार असेल तर लोहाचा रंग फिकट पिवळ्याकडे जातो. जस्त असलेल्या बेसमध्ये लोह मळकट होतं, मॅग्नेशियमच्या बेसमध्ये करडं-उदास. या तीन ठिकाणी पुडी बदलत बसणं व्यर्थ आहे, बेस बदला.

फक्त कडेवर रंग गडद आणि मध्ये फिका असेल तर पावडरीत विरघळणारं काहीतरी आहे. कोणी तरी हिराकस ‘ग्रीन आयर्न’ म्हणून दिलेलं असू शकतं.

बारा टक्क्यांच्या टाइलवर धातूसारखी झाक आली की ती थेट जेवणाच्या ताटात वापरायचा मोह होतो. आधी त्या टाइलवर लिंबाची फोड रात्रभर ठेवा. सकाळी डाग, फिकेपणा किंवा चमक गेलेली दिसली तर ते ग्लेझ कुंडीच्या बाहेरच्या बाजूला शोभेल, लोणच्याच्या बरणीत नाही.

## टप्पा ८: नवी गोणी आली की

प्रत्येक डब्यावर प्रकार, खरेदीची तारीख आणि भाजल्यानंतरचं वजन लिहा. नुसतं ‘ऑक्साइड’ लिहिलेला डबा सहा महिन्यांनी निरुपयोगी असतो. झाकण घट्ट, पावसाळ्यात प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत. जुना माल संपण्याआधी नवा आणा, जुन्यातलं किमान १०० ग्रॅम बाजूला ठेवा, आणि पूर्ण पट्टी नको असेल तर दोन्हींच्या २ आणि ८ टक्क्यांच्या टाइल एकाच फायरिंगमध्ये लावा. २ टक्क्यांवर शुद्धतेतला फरक दिसतो, ८ वर दाण्याचा आणि वाहण्याचा. त्या चार टाइल जुळल्या की मगच नवी गोणी मोठ्या बादलीसाठी उघडा.